उलटी पट्टी

"तळ, तळ... माथा बोलतो. कोणी आहे का?"

एकोणीस वर्षं झाली, तरी तो आवाज कौसाबाईच्या कानातून निघाला नव्हता. पुरुषाचा आवाज, धापा टाकणारा, ओठ कोरडे पडलेल्या माणसाचा. पण स्वच्छ. चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखा स्वच्छ.

त्या श्रावणात डोंगरातल्या नद्या वेड्या झाल्या होत्या. पुराचे निरोप वरखाली जावेत म्हणून शहाद्याला एका रिकाम्या गोदामात वायरलेसची खोली उघडली होती. सपाटीवरच्या त्या खोलीचं बोलण्यातलं नाव 'तळ'. मोलगीच्याही वर डोंगरात दुसरा सेट ठेवला होता, त्याचं नाव 'माथा'. तळाच्या सेटवर बसायचं काम ब्राह्मणपुरीच्या भरतआप्पाचं. छतावरची तार आणि तिथून सेटपर्यंत उतरणारी केबल सांभाळायचं काम त्याच गावच्या दोधूचं. दोधू म्हणजे कौसाबाईचा मालक.

त्या दुपारी ती भाकरी घेऊन गेली होती. दोधू छतावर होता, वाऱ्यानं ढिली पडलेली दोरी ओढत. वरूनच ओरडला, "पडवीमां थांब व!" पण पाऊस तिरपा येत होता, फडकं भिजायला लागलं, म्हणून ती दार ढकलून आत शिरली. आप्पाची खुर्ची रिकामी होती. टेबलावर लाल दिव्याची पेटी खरखरत होती आणि ती पेटी एकाएकी माणसासारखी बोलली. मग थोडं थांबून पुन्हा बोलली.

कौसाबाईच्या आईनं तिला लहानपणी शिकवलं होतं, पावसात, रानात, तोंड न दिसता कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसऱ्या हाकेलाही देऊ नये. हाकामारीला तिसरी हाक मारता येत नाही. तिसरी आली तर समज, माणूस आहे. कौसाबाई भाकरीचं फडकं छातीशी धरून तिसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिली. तिसरी हाक आली नाही. नुसती खरखर, तव्यावर पाणी उडाल्यासारखी. मग ती गुपचूप पडवीत येऊन बसली, कारण त्या खोलीत बाईमाणसानं जायचं नव्हतं. दोधू उतरला, भिजल्या हातानं जेवला. ती काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी गावभर कळलं. डोंगरात नदीच्या मधोमध एका खडकावर तीन माणसं दुपारपासून दिवस कलेपर्यंत अडकून होती. दोरखंडवाली माणसं आणि त्यांची जीप तासाभराच्या वाटेवर नुसती उभी होती, तळाच्या एका निरोपाची वाट बघत. निरोप गेलाच नाही. दोघं झाडाच्या मुळ्यांना धरून वाचली. तिसरी सोनीबाई वाहून गेली. माथ्याच्या सेटवर बसणाऱ्या गोवालची ती बायको.

चौकशी झाली. भरतआप्पानं लिहून दिलं, केबलमध्ये पाणी शिरलं होतं, निरोप तळाला ऐकूच आला नाही. दोधूला घरी बसवलं.

त्यानंतर गावात कुणाची मोटार पाणी ओढेना झाली की पारावरून कोणीतरी ओरडायचं, "दोधूनी केबल लावेल शे का रे?" मग हसू. दोधू हसायचा नाही. भेटेल त्याला, विचारलं नसतानाही, सांगायचा, "मन्ही केबल कोरडी व्हती, भाऊ." आठ वर्षं सांगत राहिला. शेवटच्या आजारात सलाईनच्या नळीकडे बोट दाखवून नर्सलाही त्यानं तेच सांगितलं.

त्या आठ वर्षांत कौसाबाईला एकच वाक्य बोलायचं होतं. 'कोरडीच होती, मी ऐकलं.' पण त्या वाक्याच्या पाठोपाठ दुसरं माणूस विचारणार होतं, 'मग तू काय केलंस?' म्हणून पहिलं वाक्य घशातच राहिलं. घशात राहिलेलं कुजतं. कुजून त्याचं जहर झालं, आणि ते जहर ओतायला एक भांडं लागत होतं. भांडं समोरच होतं. भरतआप्पा.

आप्पा निवृत्त होऊन ब्राह्मणपुरीला परतला आणि त्यानं हौसेखातर रेडिओचा परवाना काढला. गच्चीवर लोखंडी पाइप रोवला, तिथून अंगणातल्या निंबापर्यंत तार ताणली, मधोमध जोड देऊन केबल खिडकीतून आत घेतली. सकाळ-संध्याकाळ तो जगाशी बोलायचा. पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात तार तुटून कोंबड्यांवर पडली, तेव्हा कौसाबाई आपण होऊन त्याच्या अंगणात गेली.

"आप्पा, तार ताणी बांधेल शे. झाड हालनं की तुटनारच. कप्पी लावा, दोरीले रेतीना डबा टांगा. झाड हालनं तर डबा वर-खाले व्हई, तारले कळनारच नै."

आप्पा बघतच राहिला. "वहिनी, तुले हाई कसं येस?"

"मालकना हात दखी दखी."

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. दोधूचं नाव निघालं की ते सरकायचं. पण तार पुन्हा चढवायला दुसरं कोणी नव्हतं, आणि तो म्हणाला, "मग तूच दखत जाय."

तेव्हापासून वर्षातून दोनदा, दसरा झाल्यावर आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी, कौसाबाई नऊवारीचा काष्टा घट्ट करून शिडीवर चढू लागली. ती तारेला हात लावायची तेव्हा तिचा हात बाळंतिणीच्या दाईसारखा चालायचा. उन्हानं नायलॉनची दोरी पांढरी पडली, नखानं ओरबाडल्यावर तिचा भुगा निघाला, की दोरी बदलायची. तारेच्या टोकांना बांधलेल्या चिनीमातीच्या अंड्यांवरची धूळ आणि कबुतरांची घाण ओल्या फडक्यानं पुसायची. संक्रांतीचा मांजा गुंतला असेल तर कात्रीनं सोडवायचा, ओढायचा नाही. खारीनं केबल कुरतडली आहे का, ते बोटं फिरवून बघायचं. डोळ्याला न दिसणारी चीर बोटाला कळते. खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे अंगावरून ओघळणारं पाणी त्या झोलाच्या तळाशी येऊन टपकून जातं, घरात येत नाही.

आणि सगळ्यात मोठं काम जोडाचं. आधी रबरी पट्टी ताणून गुंडाळायची, तिच्यावर काळी पट्टी. पट्टी खालून वर न्यायची. दोधू म्हणायचा, कौलं आपण वळचणीपासून आढ्याकडे बसवतो ना, तसं. वरचं कौल खालच्यावर चढलं पाहिजे, मग पाण्याला शिरायला तोंडच मिळत नाही. कौसाबाईनं त्याची ओवीच करून टाकली होती, आणि शिडीवर ती पुटपुटायची:

पट्टीवर पट्टी चढे, जसं कौलवर कौल शे,
थेंब इचारस तारले, दार तुन्हं कोठे शे.

तीन वर्षं तिनं आप्पाची तार पोटच्या पोरीसारखी सांभाळली. आप्पा आलेल्या-गेलेल्याला गच्चीवर नेऊन दाखवायचा, "हाई आमनी वहिनीनं काम. जपान साफ ऐकू येस." कौसाबाई खाली मान घालून उभी राहायची. विश्वास मुरायला वेळ लागतो, तेवढा वेळ तिच्याकडे होता.

मग दोन वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतरच्या एका लख्ख सकाळी, ती शिडीवर चढली, जोडावरची जुनी पट्टी सोडली आणि रबरी पट्टीची गुंडाळी पदरात तशीच ठेवून दिली. नुसती काळी पट्टी घेतली. वरून खाली गुंडाळली. प्रत्येक वेढ्याचं तोंड आभाळाकडे. बाहेरचा शेवटचा थर अंगठ्यानं असा गुळगुळीत केला, की खालून बघणाऱ्याला नव्या नवरीचा चुडा वाटावा.

वरथून खाले उतरनी, पट्टी मन्ही उलटी शे,
ये पावना पानी, बठ, दार आते उघडं शे.

"व्हयनं का, वहिनी?" आप्पा खालून ओरडला.

"व्हयनं, आप्पा."

"दखाले बी कशी झकास दिसस!"

"झकासच शे," ती म्हणाली, आणि उतरताना पहिल्यांदाच तिचा पाय थरथरला नाही.

पाऊस आला. केबलच्या पोटात तांब्याच्या बारीक तारांची वेणी असते. पाणी त्या वेणीतून मुंगीच्या पावलानं उतरतं. आठवड्याला वीतभर. पहिल्या पावसाळ्यानंतर जपान गेला. थंडीत दिल्ली खरखरायला लागली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर नाशिकचा माणूससुद्धा विहिरीतून बोलल्यासारखा वाटू लागला. आप्पा बटणं फिरवून फिरवून थकला.

"यंदा सूर्यच बिघडेल शे, वहिनी. तेन्हावर डाग पडनात."

"डाग व्हय का? मग कोनले तरी धोवाले सांगा."

आप्पा हसला. तीही हसली. घरी येऊन तिनं दोधूच्या फोटोसमोर दिवा लावला आणि म्हणाली, "एक वीत आखो उतरनं."

तिला आप्पाचा रेडिओ मारायचा नव्हता. रेडिओ मेला तर तो नवा आणेल. तिला हवी होती ओली केबल, खरी ओली, आणि ती बघायला चार माणसं. ओली केबल कशी मरते ते लोकांनी डोळ्यांनी बघावं, मग आप्पानं त्यांच्यासमोर सांगावं, त्या दिवशीची केबल तशी होती का. एवढ्यासाठी ती पाच वर्षं शिडी चढत होती.

ती चार माणसं होळीनं आणली.

डोंगरातल्या काठी गावची राजवाडी होळी आठ दिवसांवर आली होती. तिथं इतकी माणसं लोटतात की मोबाइल मुके होतात. कुणाला काही झालं तर निरोप खाली यावा म्हणून तालुक्याच्या कचेरीतल्या जागृतीनं ठरवलं, काठीला एक सेट ठेवायचा आणि खाली ब्राह्मणपुरीला भरतआप्पानं ऐकायचं. आप्पाची छाती फुगली. चाचणीच्या दिवशी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला, पारावरच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनाही चहाला बोलावलं.

सकाळी दहाला जीप आली. जागृती उतरली, आणि तिच्या मागून एक उंच, वाळकुंडा माणूस अनवाणी उतरला. जागृती म्हणाली, "हे गोवालदादा. काठीचा सेट हेच बघणार. आज त्यांचा पुतण्या चैत्या तिकडून बोलेल, दादा इथं ऐकतील."

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. आप्पा क्षणभर खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला, मग म्हणाला, "या, या. बसा." गोवाल खाटेवर न बसता जमिनीवर टेकला. कौसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली.

"पाणी नको, बाई. होळीचं पाळणं आहे, कुणाला शिवायचं नसतं. माझं मीच घेतो."

तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पावलांवर सांडलं. चेहरा तिनं कधी बघितला नव्हता. आवाज तोच होता.

आप्पानं सेट लावला. खरखर वाढली, कमी झाली. मग त्या खरखरीच्या खूप खालून, चिखलात रुतल्यासारखं काहीतरी हललं. "त... त... मा... लतो..."

"काका, काहीच कळत नाही," जागृती म्हणाली.

"सूर्यावर डाग..."

"पण काका, आज आभाळ चांगलं आहे." तिनं मोबाइल पुढे केला. "नाशिकवाल्यांना चैत्या साफ ऐकू येतोय. त्यांनी आत्ताच कळवलंय."

आप्पाचा चेहरा लाल झाला. त्यानं केबलचं टोक काढलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं. म्हातारे गालातल्या गालात हसत होते. त्यातला एकजण हळूच म्हणाला, "दोधूनी केबल." आणि आप्पाला जणू बुडताना काठी सापडली.

"केबलमध्ये पाणी शिरलंय," तो जागृतीला म्हणाला. हात उंबऱ्याशी उभ्या असलेल्या कौसाबाईकडे झाला. "या बाईला दया म्हणून काम दिलं. हिच्या नवऱ्यानेही असंच केलं होतं. या घराण्याच्या हातालाच ओल आहे."

ती वाट बघत होती ते हेच वाक्य. ते ऐकताना कौसाबाईला बरं वाटलं, उन्हातून येऊन माठाला गाल लावल्यासारखं. ती गच्चीवर गेली. कप्पीची दोरी सोडून तिनं तार खाली घेतली, जोड पट्टीसकट कापून घेतला आणि सगळी केबल हातावर गुंडाळून खोलीत आणली. सगळ्यांच्या मधोमध ती टाकली आणि सुरीनं हातभर चिरली.

आतली वेणी काळी पडली होती. कुठं कुठं मोरचुदासारखी हिरवी. कौसाबाईनं ती चिमटीत घेतली तर तिचा भुगा झाला.

"बघा," ती गोवालकडे आणि जागृतीकडे बघून म्हणाली. बोलताना तिनं शाळेतली मराठी आणली, कारण डोंगरातल्या माणसाला अहिराणी नीट कळली नसती. "ही ओली केबल. हिला असं व्हायला दोन पावसाळे लागले. आधी लांबचं गेलं, मग जवळचं. तापानं माणूस खंगतो तशी ही खंगते. एका दुपारी मरत नाही. आणि एकदा असं झालं की उन्हात वाळवून परत बोलत नाही."

आप्पानं जोड उचलून बघितला. वायरीतलं कळणारा माणूस तो. त्याला वेढ्यांची तोंडं दिसली. "हाई उलटी पट्टी शे! तू मुद्दाम करं?"

"हां. मी करं." ती त्याच्याकडे वळली, आणि आता तिला अहिराणीच हवी होती. "तुम्ही खोटं पानी मन्हा मालकवर टाकं, आप्पा. मी खरं पानी तुमना तारमां टाकं. आते सांगा सगळासले, त्या दिनले केबल अशी व्हती का?"

"तू... घरमां लिसन तुले..."

"सांगा!"

तेवढ्यात गोवाल पुढे सरकला. त्यानं काळी वेणी हातात घेतली, बोटांत चोळली, काजळीकडे बघत राहिला. तो सावकाश बोलू लागला, नदी उतरून जाणाऱ्या माणसासारखा, एकेका दगडावर पाय देत.

"त्या दिवशी सकाळी आठला मी बोललो. तुम्ही म्हणालात, साफ. दुपारी बोललो, उत्तर नाही. संध्याकाळी परत सेटवर आलो. बोललो, सोनीबाई गेली. एवढंच बोललो. तुम्ही लगेच म्हणालात, 'माथा, ऐकलं.'" त्यानं वर बघितलं. "आप्पा, सकाळी साफ, संध्याकाळी साफ. दुपारी पाणी शिरलं आणि संध्याकाळी निघून गेलं? मला वायरीतलं काही कळत नव्हतं. तुम्ही लिहिलं म्हणून खरं मानलं."

एका म्हाताऱ्यानं चहाचा कप जमिनीवर ठेवला.

"संध्याकाळी मंत्री यायचे होते," आप्पा म्हणाला. आवाज इस्त्रीच्या सदऱ्यातून नाही, कुठून तरी पोटातून आला. "मी समोर न्हाव्याकडे दाढी करायला गेलो होतो. गर्दी होती. परत आलो तेव्हा सेट गप्प होता. केबल... केबल कोरडी होती. दोधूचा दोष नव्हता."

झालं. एकोणीस वर्षं. पारावरच्या हसणाऱ्या तोंडांनी ते ऐकलं होतं, आज दिवस मावळायच्या आत गावानं ऐकलं असतं. आप्पा खुर्चीत बसला होता आणि त्याच्या मानेवरची कातडी एकदम म्हातारी दिसत होती. कौसाबाईनं ती डोळे भरून बघितली. तिला वाटलं, आता घरी जावं, दिवा लावावा, दोधूला सांगावं.

पण गोवाल अजून बोलत होता. आप्पाशी नाही. हातातल्या वेणीशी.

"मी दोनदाच बोललो होतो. तिसऱ्यांदा बोलायच्या आत सेट टाकून नदीकडे पळालो. ती ओरडत होती. मग वाटायचं, अजून एकदा बोललो असतो तर? मग मीच म्हणायचो, तार ओली होती, शंभर वेळा बोललो असतो तरी काही झालं नसतं. त्यावर झोप यायची." त्यानं भुगा हातावरून झटकला. "आता तार कोरडी निघाली."

आप्पाचं खोटं कुणाची तरी उशी असेल, हे एवढ्या वर्षांत कौसाबाईच्या मनात एकदाही आलं नव्हतं. पट्टी उलटी गुंडाळताना तिनं फक्त आप्पा बघितला होता. पाणी मात्र वाट मिळेल तिकडे उतरलं.

"आप्पा," गोवालनं विचारलं, "खोलीत तेव्हा कोणीच नव्हतं?"

"कोणीच नाही. दोधू छतावर होता. मी बाहेर. कोणीच नाही."

गोवालनं मान हलवली. गुडघ्यावर हात टेकून तो उठू लागला. जागृतीनं पिशवी उचलली. नवी केबल आजच लागणार होती, दुकान उघडं होतं. कौसाबाईनं उंबरा सोडला असता तर कोणी तिला अडवलं नसतं. दोधूचं नाव धुऊन निघालं होतं. तिला कोणी काही विचारलं नव्हतं, पुढेही विचारलं नसतं.

ती गोवालच्या समोर येऊन जमिनीवर बसली. पाळणं होतं म्हणून हातभर लांब.

"मी होते," ती म्हणाली. "खोलीत मी होते, दादा. तुझ्या दोन्ही हाका मी ऐकल्या. मी तिसरीची वाट बघत उभी राहिले."